रिमोटवरचा रोबोट आणि खुर्चीतला माणूस: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आजपासून नोंदी ठेवायला सुरुवात. सेटअप असा आहे: एका बंद खोलीत सहा सांध्यांचा रोबोटिक आर्म, पुढे वस्तू पकडणारा ग्रिपर, मनगटावर जोर मोजणारा फोर्स सेन्सर, दोन कॅमेरे. दुसऱ्या खोलीत ऑपरेटर, त्याच्यासमोर स्क्रीन आणि हाताखाली मास्टर हँडल, ते हलवलं की पलीकडे आर्म हलतो. दोन्ही खोल्यांच्या मधे नेटवर्क, आणि त्यात आम्ही सॉफ्टवेअरने मुद्दाम डिले, म्हणजे उशीर, घालतो, हवा तेवढा. कामं तीन ठेवलीत. व्हॉल्व्ह फिरवणं, प्लग एका सॉकेटमधून काढून दुसऱ्यात बसवणं, आणि कप्प्यात पडलेल्या वस्तूंमधून सांगितलेली एकच उचलणं.

रोबोट किती हुशार आहे हे मोजायचा हा प्रकल्प नाही. रोबोट तोच राहणार, कामं तीच राहणार, बदलत जाणार ती माणसाची जागा. कधी तो आर्मचा प्रत्येक सेंटीमीटर स्वतः हलवेल, कधी नुसतं "तो व्हॉल्व्ह, पाव फेरा" एवढंच सांगेल, कधी बसून बघेल आणि गडबड वाटली तर थांबवेल. यातलं कुठलं कुठे चालतं आणि एका जागेवरून दुसरीकडे जाताना काय तुटतं, हे बघायचंय. मला स्वतःला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि पेपरांमधे तोच सगळ्यात कमी जागेत उरकलेला असतो.

९ जानेवारी

सेन्सरचं कॅलिब्रेशन चालू होतं तोवर जुनं वाचन. या विषयाची सुरुवात बहुतेक जण रेमंड गोर्ट्झपासून धरतात, अमेरिकेतली आर्गोन नॅशनल लॅबोरेटरी, १९४० च्या दशकाचा शेवट. किरणोत्सर्गी पदार्थ हाताळायचे होते, मधे जाड भिंत, त्यामुळे भिंतीच्या अलीकडे एक हात आणि पलीकडे तसाच दुसरा हात, दोन्ही मधल्या यंत्रणेने थेट जोडलेले. ती जोडणी पूर्ण मेकॅनिकल होती म्हणून पलीकडे काही टेकलं की अलीकडच्या हाताला ते आपोआप जाणवायचं, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नव्हतं. मग १९५४ च्या सुमारास इलेक्ट्रिक सर्व्हो, म्हणजे सिग्नलप्रमाणे नेमक्या हलणाऱ्या मोटर, आले, मधे तारा आल्या, अंतर वाढवता आलं, पण स्पर्श आपोआप परत येणं बंद झालं, तो मोजून, सिग्नल करून, मोटरने हाताला परत द्यावा लागला. म्हणजे फोर्स फीडबॅक ही नंतर सुचलेली चैन नाहीये, ती आधीपासून होती, अंतर वाढवताना हातातून निसटली आणि परत मिळवावी लागली. आपल्या पूर्ण प्रकल्पात हे लक्षात ठेवायला हवं, की अंतर वाढलं की काहीतरी निसटतं आणि ते काय निसटलं हे लगेच कळतंच असं नाही.

१३ जानेवारी

पहिले रन, डिले शून्य. सगळ्यांना जमलं, कौतुकाने बघत बसावं असं काही नाही. नोंद एवढीच की डिले नसतानासुद्धा प्लग बसवायला स्वतःच्या हातापेक्षा खूपच जास्त वेळ लागतो. सगळं खापर नेटवर्कवर फोडायच्या आधी हे लिहून ठेवलेलं बरं.

१६ जानेवारी

आज डिले वाढवत नेला. पाव सेकंदापर्यंत लोक कुरकुरतात पण हात चालू ठेवतात, फक्त हळू होतात. अर्ध्या सेकंदाच्या पुढे हालचाल तुकड्यातुकड्यांत व्हायला लागते. एक सेकंदाला तर जवळपास प्रत्येक जण तेच करायला लागला: थोडं हलवायचं, हात थांबवायचा, स्क्रीनवर आर्म हलून थांबेपर्यंत वाट बघायची, मग पुढचं थोडं. कोणी कोणाला शिकवलं नव्हतं, एकमेकांचे रन पण बघितलेले नव्हते.

हे एमआयटीमधे विल्यम फेरेलने १९६० च्या दशकातच दाखवून ठेवलंय. डिले आला की माणूस आपसूक हलवा-आणि-थांबा या पद्धतीवर जातो, आणि मग कामाचा एकूण वेळ मुख्यतः दोनच गोष्टींवर ठरतो, किती वेळा थांबावं लागलं आणि दर थांब्याला डिले किती. याचा अर्थ फार उपयोगाचा आहे. डिले कमी करणं आपल्या हातात नसेल, चंद्रावरच्या रोबोटसाठी तर कोणाच्याच हातात नाही, तरी थांब्यांची संख्या कमी करणं नक्कीच आहे. एका आज्ञेत जास्त काम भरलं की थांबे कमी. फेरेल आणि थॉमस शेरिडन यांनी १९६७ मधे सुपरवायझरी कंट्रोलची कल्पना मांडली ती याच रस्त्याने. माणूस दर क्षणाची हालचाल पाठवत नाही, छोटं उद्दिष्ट पाठवतो, पलीकडचा कॉम्प्युटर तिथल्या सेन्सरवर स्वतःचा छोटा लूप (बघ, हलव, परत बघ) चालवून ते पूर्ण करतो, आणि त्या छोट्या लूपला मधला डिले लागतच नाही.

जिटरबद्दल, म्हणजे डिले सतत कमीजास्त होण्याबद्दल, एक गोष्ट. स्थिर ७०० मिलिसेकंदांपेक्षा २०० ते ७०० मधे उड्या मारणारा डिले लोकांना जास्त जड गेला, सरासरी कमी असूनसुद्धा. स्थिर डिलेची हाताला सवय होते, उड्या मारणाऱ्याची होत नाही, मग प्रत्येक वेळी माणूस सगळ्यात वाईट धरून थांबतो. उद्यापासून बफर टाकून, म्हणजे लवकर आलेले सिग्नल थोडे रोखून, डिले थोडा जास्त पण स्थिर करून बघायचा.

२१ जानेवारी

कॅमेऱ्याचा दिवस. समोरच्या कॅमेऱ्याला आर्म आपल्याकडे तोंड करून दिसतो, त्यामुळे हँडल डावीकडे नेलं की स्क्रीनवर आर्म उजवीकडे जातो. डोकं हे दुरुस्त करत राहतं, पण त्याला सतत एक काम लागून राहतं आणि घाईच्या क्षणी नेमकं उलटं होतं. आता हँडलची दिशा निवडलेल्या कॅमेऱ्याच्या नजरेला जोडून टाकली, कॅमेरा बदलला की दिशासुद्धा बदलते. लगेच फरक पडला. फक्त एक अट, कॅमेरा बदलताना हँडल चालू नसलं पाहिजे, नाहीतर हालचालीच्या मधेच दिशा फिरते. ते सॉफ्टवेअरमधेच बंद केलं.

दुसरं म्हणजे खोली, म्हणजे समोरची वस्तू किती लांब आहे ते. मनगटाच्या कॅमेऱ्यातून प्लग आणि सॉकेट दोन्ही छान मोठे दिसतात, पण दोघांत अंतर किती हे कळत नाही. बाजूचा कॅमेरा लावल्यावर प्रश्न अर्धा सुटला. जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज प्रकल्पातल्या अपघातानंतर २०११ साली पॅकबॉट नावाचे छोटे रोबोट इमारतीत पाठवले तेव्हा दोन-दोन सोबत वापरले होते, एक काम करणारा आणि दुसरा त्याला बाजूने बघणारा, कारण स्वतःवरच्या कॅमेऱ्यातून रोबोटला स्वतःचं शरीर आणि आजूबाजूचा अडथळा एकत्र दिसत नाही. अख्खा एक रोबोट फक्त बघायला पाठवणं महाग वाटतं, पण आजचे रन बघितल्यावर मला तो खर्च अजिबात जास्त वाटत नाही.

२७ जानेवारी

फोर्स फीडबॅक चालू केला. डिले शून्यावर सुंदर. व्हॉल्व्ह कुठे घट्ट आहे, प्लग तिरका शिरतोय की सरळ, हे हाताला डोळ्यांच्या आधी कळतं, अंधारात काठीने चाचपडत जाताना काठीच्या टोकाला जसं कळतं तसं. मग १०० मिलिसेकंद डिले घातला, प्लग सॉकेटच्या कडेला टेकला आणि हँडल थरथरायला लागलं, बघता बघता थरथर वाढली आणि सेफ्टी लिमिटने आर्म बंद केला.

असं का होतं हे टीममधल्या नव्या लोकांसाठी सविस्तर लिहितो. हात पुढे ढकलतो, पलीकडे आर्म टेकतो, त्याचा धक्का परत यायला वेळ लागतो, तोपर्यंत हात अजून पुढे गेलेला असतो, मग धक्का येतो तो मोठा आणि उशिराचा. हात मागे सरकतो, ते मागे सरकणंही पलीकडे उशिरा पोचतं. दर फेरीत थोडी ऊर्जा कुठूनतरी भर पडल्यासारखी वाढत जाते. ती डिलेमुळे तयार होतेय, कोणी ढकलत नसताना. १९८९ मधे अँडरसन आणि स्पाँग यांनी हा प्रश्न पॅसिव्हिटीच्या भाषेत सोडवला, म्हणजे मधला दुवा असा बांधायचा की तो स्वतः ऊर्जा तयार करूच शकणार नाही, आणि १९९१ मधे नीमायर आणि स्लोटिन यांनी वेव्ह व्हेरिएबल्सची पद्धत दिली, ज्यात वेग आणि बल वेगवेगळे न पाठवता दोघांचं मिश्रण लाटेसारखं पाठवतात. याने डिले स्थिर असला तर कितीही असो, दुवा अस्थिर होत नाही. किंमत अशी की डिले वाढला की हँडल चिकट, जड लागतं. कडक भिंतसुद्धा मऊ गादीसारखी वाटते. हात सुरक्षित राहतो पण बातमी बोथट होते.

२९ जानेवारी

वेव्ह व्हेरिएबल्स बसवले, थरथर गेली, आणि जड लागतं ते पण खरंच लागतं. आज दुसरा पर्याय बघितला, हाताला बल द्यायचंच नाही, स्क्रीनवर पट्टी आणि कानात आवाज, जोर वाढला की सूर चढतो. लूप हातातून जात नसल्यामुळे अस्थिर व्हायचा प्रश्नच येत नाही. व्हॉल्व्हसाठी आवाज पुरतो. प्लगसाठी नाही पुरत, कारण तिथे जोर किती याच्यापेक्षा कुठल्या बाजूने हे महत्त्वाचं, आणि एका सुरातून दिशा सांगता येत नाही.

या संदर्भात सर्जरीचं उदाहरण नेहमी चर्चेत येतं. दा विंची सर्जिकल सिस्टीमला अमेरिकेत २००० मधे मान्यता मिळाली आणि पुढची वीसेक वर्षं सर्जन त्यावर हाताला बल न जाणवता ऑपरेशनं करत आले, ऊती किती ताणली जातेय, धागा किती घट्ट झालाय हे डोळ्यांनी वाचायला शिकले. २०२४ मधे मान्य झालेल्या पाचव्या पिढीत फोर्स फीडबॅकची उपकरणं आली. काही जण याचा अर्थ फीडबॅकची गरज नव्हती असा काढतात. मला तसं वाटत नाही. माणूस एक इंद्रिय दुसऱ्याच्या जागी लावतो आणि काम निभावतो, पण त्यासाठी सरावाची वर्षं जातात, आणि तो सराव फक्त मऊ, दिसायला ताणणाऱ्या गोष्टींवर चालतो. आमच्या कडक प्लॅस्टिकच्या प्लगवर डोळ्याला दिसण्यासारखं काही वाकतच नाही.

३ फेब्रुवारी

टीममधे वाद झाला की डिलेची मर्यादा नक्की किती धरायची. मी म्हटलं एक आकडा नसतोच, काम बघून ठरतो. ७ सप्टेंबर २००१ ला जाक मारेस्को आणि त्यांच्या टीमने न्यूयॉर्कमधे बसून स्ट्रासबर्गमधल्या ६८ वर्षांच्या महिलेची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झ्यूस रोबोटने केली. त्या आधीच्या प्रयोगांतून त्यांनी साधारण ३३० मिलिसेकंदांपर्यंतचा डिले चालेल असं ठरवलं होतं, आणि खास जोडलेल्या फायबर लाइनवर प्रत्यक्षात तो १५५ च्या आसपास राहिला. मला त्यातला दुसरा तपशील जास्त मोलाचा वाटतो, तो म्हणजे स्ट्रासबर्गमधे पेशंटजवळ सर्जन हजर होते, गरज पडली तर हातात घ्यायला तयार. म्हणजे अटलांटिकपलीकडच्या सर्जनचं धाडस जवळ उभ्या असलेल्या सर्जनच्या हातावरही टेकलेलं होतं. दूरनियंत्रणात माणसं कमी होतात असं म्हणतात, तिथे ती दोन ठिकाणी वाटली गेली होती.

६ फेब्रुवारी

आज नवे ऑपरेटर आले, त्यातले एक आयुष्यभर क्रेन चालवलेले काका. कॉम्प्युटर गेमची सवय असलेली मुलं पहिल्या रनला वेगवान निघाली, काका हळू. पण डिले एक सेकंद केल्यावर काकांची पद्धत काही बदललीच नाही, ते आधीपासूनच थोडं हलवून थांबत होते. विचारलं तर म्हणाले, "अरे बाबा, हुकवरचं वजन झुलत असतं, ते थांबेपर्यंत पुढचं करायचंच नसतं." झुलण्याचा उशीर आणि नेटवर्कचा उशीर हाताला सारखाच. मुलं त्यांच्याशेजारी बसून बघत होती आणि दुपारनंतर त्यांचेही रन सुधारले.

काकांनी अजून एक मागितलं, सिग्नल देणारा माणूस. क्रेनवर खाली एक जण उभा असतो ना, तसा. दुसरी व्यक्ती फक्त बाजूचा कॅमेरा बघून बोलणार, "अजून जरा, बस, डावीकडे तिरका जातोय." फारच चांगलं चाललं. रॉबिन मर्फी यांनी शोध आणि बचावाच्या रोबोटांवर केलेल्या कामातसुद्धा हेच आहे, की एका रोबोटला एक माणूस पुरत नाही, दोघं मिळून बोलत बघतात तेव्हा समोर काय आहे ते जास्त नीट कळतं. सोव्हिएत लुनोखोदचं तर अख्खं पथक पाच जणांचं होतं, १९७० मधे चंद्रावर उतरलेली गाडी आणि क्रिमियामधून चालवणारे कमांडर, ड्रायव्हर, नेव्हिगेटर, इंजिनिअर आणि अँटेना सांभाळणारा. चित्रं काही सेकंदांनी एकेक येणार, प्रकाशाचाच जाऊन-येऊन अडीच सेकंदांचा उशीर, आणि तरी लुनोखोद १ साडेदहा किलोमीटर चालली, पुढची १९७३ मधली लुनोखोद २ जवळपास ३९. एकट्या ड्रायव्हरच्या जोरावर हे झालं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे.

११ फेब्रुवारी

प्रेडिक्टिव्ह डिस्प्ले चालू. स्क्रीनवर खऱ्या आर्मच्या व्हिडिओवर पारदर्शक भुतासारखा दुसरा आर्म काढायचा, तो हँडलबरोबर लगेच हलतो, खरा मागून येऊन त्याच्यात मिसळतो. मोकळ्या हवेतली हालचाल एकदम सोपी झाली, थांबे कमी झाले, एक सेकंद डिलेची भीतीच गेली. १९९३ मधे जर्मनीच्या डीएलआर संस्थेने गेर्ड हिर्झिंगर यांच्या नेतृत्वाखाली कोलंबिया शटलमधला रोटेक्स आर्म जमिनीवरून चालवला तेव्हा ५ ते ७ सेकंदांचा डिले होता आणि असंच सिम्युलेशन आधाराला घेऊन तरंगणारी वस्तू पकडून दाखवली होती. ३० वर्षांपूर्वीची गोष्ट आणि आजही मला ती मोठी वाटते.

पण टेकल्यावर भूत खोटं बोलतं. आमच्या मॉडेलला व्हॉल्व्ह किती गंजलाय ते माहीत नाही, त्यामुळे भूत छान पाव फेरा फिरतं आणि खरा आर्म तिथेच अडून जोर लावत बसतो. ऑपरेटरची नजर मात्र भुतावर, कारण ते गोड वाटतं. आता नियम असा केलाय की फोर्स सेन्सरला स्पर्श जाणवल्याची बातमी आली की भूत फिकट होतं आणि खरा व्हिडिओ ठळक. बातमी उशिराच येते म्हणा, पण निदान आल्यावर तरी नजर योग्य ठिकाणी जाते.

१७ फेब्रुवारी

सुपरवायझरी मोड आला. ऑपरेटर स्क्रीनवर व्हॉल्व्हवर क्लिक करतो, किती फिरवायचं ते निवडतो, आर्म स्वतः जातो, पकडतो, जोराच्या मर्यादेत फिरवतो, मर्यादा आली तर थांबून विचारतो. डिले ५ सेकंद केला तरी कामाला फार वेळ लागत नाही. प्लगसाठी अजून तेवढं नाही जमत.

शेरिडन आणि व्हरप्लँक यांची १९७८ ची दहा पायऱ्यांची मांडणी सगळे जण वापरतात, एका टोकाला सगळं माणूस करतो, दुसऱ्या टोकाला यंत्र माणसाला विचारतसुद्धा नाही. पण "आपला रोबोट सहाव्या पायरीवर आहे" असं एका वाक्यात सांगता येत नाही. २००० मधे परसुरामन, शेरिडन आणि विकेन्स यांनी काम चार भागांत तोडलं: माहिती गोळा करणं, तिचा अर्थ लावणं, निर्णय घेणं, आणि कृती. प्रत्येक भागाची पायरी वेगळी असू शकते. आमच्या वस्तू उचलण्याच्या कामात कृती पूर्ण रोबोटकडे देता येते, पण "हीच ती वस्तू" हा अर्थ लावणं माणसाकडेच ठेवलं तर चुकीची उचल होत नाही. व्हॉल्व्हमधे उलट, ओळखणं रोबोटला सोपं, आणि गंज किती, अजून जोर लावावा की सोडून द्यावा, हा निर्णय माणसाचा. मी तर म्हणेन टप्प्याटप्प्याने हे तक्ते भरल्याशिवाय कुठलाच इंटरफेस डिझाइन करू नये.

चंद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरचं उदाहरण इथे बसतं. २७ ऑगस्ट २०२३ ला त्याच्यासमोर ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचा खड्डा आला, पृथ्वीवरून त्याला माघारी यायची आज्ञा गेली आणि तो नव्या वाटेने निघाला. चाकं कशी फिरवायची ते रोव्हर बघून घेईल, पण हा खड्डा टाळायचा आणि वाट बदलायची, हे माणसांनी ठरवलं. मंगळावर तर एका बाजूचाच उशीर ३ ते २२ मिनिटांचा, तिथे दिवसाचा आराखडा एकदम पाठवतात आणि वाटेतले दगड टाळायचं बरंचसं रोव्हरवर सोडतात.

२० फेब्रुवारी

आजची नोंद मोठी होणार, कारण प्रकल्पाचा खरा मुद्दा आज समोर आला.

काका प्लगच्या कामावर होते. योजना अशी की आर्म स्वतः सॉकेटजवळ जाईल आणि शेवटचं बसवणं काका हाताने करतील. आर्म पोचला, आमच्या सहकाऱ्याने सांगितलं, "काका, आता तुमच्याकडे." काकांनी हँडल धरलं, हलवलं, काहीच झालं नाही, कारण सॉफ्टवेअरच्या हिशोबाने आर्म अजून शेवटचे काही मिलिमीटर स्वतःच सरकत होता. त्यांनी अजून हलवलं. मग ताबा खरंच त्यांच्याकडे आला आणि तोपर्यंत हँडल भलतीकडे गेलेलं, आर्मने झटका घेतला. जोराची मर्यादा असल्यामुळे काही मोडलं नाही. काका शांतपणे म्हणाले, "घेतला कधी आणि सोडला कधी, हे मला दिसलंच नाही ना."

डिले, फीडबॅक, भूत, या सगळ्यावर शेकडो पेपर आहेत. पण या क्षणी ताबा कोणाकडे आहे हे ऑपरेटरला पुसटही शंका न राहता कळणं, यावर मला जेवढं काम व्हायला हवं तेवढं झालेलं वाटत नाही. आणि डिलेमुळे प्रश्न अजून वाकडा होतो, कारण स्क्रीनवर "आता तुमच्याकडे" दिसेपर्यंत पलीकडची परिस्थिती एक सेकंद पुढे गेलेली असते. दोन खोल्यांत दोन वेगळी वर्तमानं चालू असतात.

लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मधे ऑटोमेशनबद्दल जे मांडलं होतं ते इथे तंतोतंत लागू पडतं. सोपं काम यंत्राला दिलं की माणसाकडे अवघडच उरतं, आणि ते तो नेमका तेव्हा करतो जेव्हा त्याचा हात सरावातून गेलेला असतो आणि परिस्थितीची कल्पना जुनी झालेली असते. आर्म स्वतः जात असताना काका नुसते बसून होते, आणि मग एकदम त्यांच्याकडे सगळ्यात नाजूक ३ मिलिमीटर आले.

२५ फेब्रुवारी

ताबा देण्याघेण्याची पद्धत पूर्ण नव्याने लिहिली. ताबा बदलायच्या आधी आर्म थांबतो, नक्की थांबल्याची खात्री पलीकडून परत येते, मगच हँडलवरचा दिवा रंग बदलतो. ऑपरेटरने हँडलचा एनेबल स्विच दाबून धरल्याशिवाय ताबा त्याच्याकडे येत नाही, सोडला की आर्म जागेवर थांबतो. आर्म स्वतः हलत असताना हँडलच्या मोटर हँडललाही त्याच्याबरोबर वळवतात, म्हणजे ताबा घेताना हाताची आणि आर्मची दिशा जुळलेली असते. याचा एक न ठरवलेला फायदा असा की हँडलवर नुसता हात ठेवून बसलं तरी आर्म काय करतोय ते हाताला कळत राहतं, हात थंड पडत नाही. काकांना ही गोष्ट सगळ्यात आवडली.

वेळ जातो, प्रत्येक ताब्याला जवळजवळ एक पूर्ण फेरीचा डिले जातो. जाऊ दे. तो वेळ वाचवण्यासारखा नाहीये.

२ मार्च

लिंक तुटली तर काय. "जागेवर थांब" हे उत्तर सगळे लगेच देतात, पण आर्म सॉकेटवर जोर लावत असताना लिंक गेली आणि तो जागेवर थांबला तर तो तोच जोर लावत राहतो. म्हणून नियम दोन केले. मोकळ्या हवेत असेल तर थांब, टेकलेला असेल तर जोर हळूहळू शून्यावर आण आणि पकड तशीच ठेव. पकड कधीच आपणहून सोडायची नाही, कारण हातात काय आहे आणि खाली काय आहे हे आर्मला माहीत नसतं.

तुटलेल्या लिंकचं वजन फुकुशिमामधे दिसलं. क्विन्स नावाचा जपानी रोबोट ऑक्टोबर २०११ मधे दुसऱ्या अणुभट्टीच्या इमारतीत केबल अडकून तुटल्यावर आतच राहिला. जाड भिंतींमुळे रेडिओवर भरवसा नव्हता म्हणून केबल होती, आणि नेमकी केबलच गेली. डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेच्या २०१५ च्या रोबोटिक्स चॅलेंज स्पर्धेच्या अंतिम फेरीत आयोजकांनी मुद्दाम लिंक खराब केली होती, रोबोट आत शिरला की संपर्क मधूनमधून तुटायचा, ऑपरेटरला रोबोट थेट दिसत नव्हता. दक्षिण कोरियाच्या काइस्ट या विद्यापीठाची टीम जिंकली. त्या स्पर्धेतले पडणारे रोबोट सगळ्यांनी बघितले, पण मला त्यातून घ्यायचं ते हे, की लिंक तुटणं हा अपवाद धरून डिझाइन करायचं नाही, रोजची गोष्ट धरून करायचं.

९ मार्च

थकवा. रननंतर ऑपरेटरकडून नासा-टीएलएक्स या कामाचा ताण मोजायच्या पद्धतीचा फॉर्म भरून घेतो, मानसिक ताण, शारीरिक ताण, घाई, काम किती जमलं, कष्ट, वैताग असे सहा मुद्दे. सुपरवायझरी मोडमधे शारीरिक ताण कमी लिहिला जातो, वैताग मात्र काहींचा वाढतो. बोलल्यावर कळलं की आर्म थांबून विचारतो तेव्हा का थांबला ते सांगत नाही. "जोर मर्यादेला पोचला, व्हॉल्व्ह अजून फिरलेला नाही" एवढं वाक्य टाकलं आणि तक्रार बरीच कमी झाली. रोबोटने प्रश्न विचारताना सोबत कारण द्यायलाच हवं.

१६ मार्च

आज पाहुणे आले होते, त्यांनी विचारलं की रोबोट शिकत चाललेत, मग हा खुर्चीतला माणूस अजून किती वर्षं. प्रामाणिक उत्तर दिलं की त्याची कामं बदलतायत, पण खुर्ची रिकामी होताना मला दिसत नाही. वेमोच्या चालकरहित गाड्यांना अडचण आली तर दूरचा माणूस प्रश्नाचं उत्तर देतो, स्टिअरिंग हातात घेत नाही, गाडी चालवणं गाडीकडेच राहतं. दुसरीकडे २०२३ मधे स्टॅनफर्डच्या अलोहा सेटअपने दाखवलं की स्वस्तातल्या लीडर-फॉलोअर हातांनी (एक हलवला की दुसरा तसाच हलतो) माणसाने काम करून दाखवायचं आणि त्या नोंदींवरून रोबोटने शिकायचं. म्हणजे गोर्ट्झचा जोडहात आता शिकवायच्या कामाला आलाय.

यातून आमच्यासाठी एक थेट गोष्ट निघते. आम्ही आत्तापर्यंतचे रन साठवलेत, त्यावर आर्मला शिकवायचा विचार चालू आहे. पण डिले घालून केलेल्या रनमधे हलवा-आणि-थांबा भरलेलं आहे, ते जसंच्या तसं शिकवलं तर आर्म तिथे कारण नसताना थांबायला शिकेल. आणि तरी सगळे थांबे काढून टाकता येणार नाहीत, काकांचे काही थांबे डिलेमुळे नसतात, प्लग तिरका वाटला म्हणून असतात, आणि शिकवण्यासारखं नेमकं तेच आहे. कुठला थांबा कशाचा हे नंतर नुसता डेटा बघून सांगता येत नाही.

म्हणून ठरलंय असं: पुढच्या फेरीत रन झाल्या झाल्या ऑपरेटरबरोबर व्हिडिओ बघायचा, प्रत्येक मोठ्या थांब्याला कारण विचारून लिहायचं, आणि ज्याने सिग्नल दिला त्याचंही ऐकायचं. एनेबल स्विच कधी दाबला आणि कधी सोडला तेही आता लॉगमधे जाईल. काकांना विचारलं, येतो म्हणालेत, पण स्क्रीनवरची अक्षरं मोठी करा अशी अट आहे. ती उद्याच करतो.